एकोणीस दात कौलावर

पंचविशीत तोंडात दुधाचा दात घेऊन फिरणारी माणसं आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ असतात. आरशात कोणी दात मोजत बसत नाही, म्हणून खपून जातं. तन्मयी चौगुलेचंही खपून गेलं असतं. पण तिचं लग्न ठरलं, आणि साखरपुड्याच्या फोटोत वरच्या ओळीत डावीकडे तांदळाच्या दाण्याएवढा एक दात हसताना दिसला. फोटो बघितल्या बघितल्या तिची आत्या तिला जयसिंगपूरहून मिरजेला माझ्या दवाखान्यात घेऊन आली.

"बाई, वैशाखात लग्न हाय," आत्या खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाली. "तवर दात ओळीत आणा. नवरामुलगा काय म्हणत न्हाई, पर त्याची थोरली बहीण लई बारीक बघती."

"आत्ती, हळू बोल," तन्मयी म्हणाली. पण हसली. तो दात तेव्हा मलाही दिसला.

मी डॉक्टर मंदाकिनी शेडबाळे. तेहेतीस वर्षं लोकांचे वाकडे दात सरळ करते आहे. माझा वाकडा स्वभाव सरळ करणारा डॉक्टर मात्र अजून जन्माला यायचाय, असं आमची नसीमा म्हणते. नसीमा सतारमेकर वीस वर्षं माझ्या हाताखाली आहे. घरात पिढ्यान् पिढ्या सतारी बनतात, त्यामुळे तिला तारेतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि ते ती मला विसरू देत नाही.

एक्स-रे काढला. जे वाटलं होतं तेच निघालं. वरचा सुळा जन्मतो तो जवळजवळ डोळ्याच्या खोबणीखाली. तिथून हिरडीपर्यंतचा त्याचा प्रवास लांबचा, म्हणून वाट चुकण्यातही तो पटाईत. तन्मयीचा डावा सुळा टाळूच्या हाडात आडवा झोपला होता. त्याची जागा धरून बसलेला दुधाचा सुळा, उठवायला कोणी आलंच नाही म्हणून, तसाच बसून राहिला होता.

पूर्वी अशा वेळी आम्ही टाळू उघडून लपलेल्या दाताला बारीकसं बटण चिकटवायचो, त्याला साखळी, साखळीला तार, आणि मग दीड-दोन वर्षं हळूहळू ओढत बसायचो. घाई केली की तो दात शेजारच्या दाताचं मूळ खाऊन टाकायचा. साखळी आणि बटण आजही आहे, पण दोन वर्षांचं काम चार महिन्यांवर आलं, ते गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार चाळीस साली, आमच्याकडे आलेल्या यंत्रामुळे. कंपनीने दिलेलं नाव हातभर लांब आहे. नसीमा त्याला पंचांग म्हणते, कारण ते दिवस मोजतं.

दाताचं कवच लहानपणी रोज थोडं थोडं चढत जातं आणि प्रत्येक दिवसाची एक बारीक रेघ त्यात राहते. दर काही दिवसांनी एक ठळक रेघ येते. कुणाची सात दिवसांनी, कुणाची आठ, कुणाची नऊ. ज्याचा त्याचा ठेका ठरलेला. हाड झिजतं आणि भरतं तेही त्याच ठेक्यावर, असा शास्त्रज्ञांचा जुना कयास होता. या यंत्राने तो कामाला लावला. तुमचा ठेका ओळखायचा, आणि मुगाच्या दाण्याएवढ्या मोटरने त्याच तालावर दाताला ओढ द्यायची. मग हाड आपणहून वाट देतं.

अडचण एकच. मूल आजारी पडलं, उपाशी राहिलं, त्याला मोठा धक्का बसला, की तिथे एक जाड काळी रेघ उमटते आणि मोजणी चुकते. म्हणून यंत्राला आधी लहानपणची हकिगत सांगावी लागते. ती ताडून बघण्यासाठी ते प्रत्येक रेघेतली द्रव्यंही वाचतं. आईच्या दुधाने दातात बेरियम वाढतं, दूध सुटलं की उतरतं. स्ट्रॉन्शियम पाण्यातून येतं, आणि आमच्या काळ्या कातळावरच्या पाण्याची खूण वेगळी, कोकणातल्या जुन्या खडकांवरच्या पाण्याची वेगळी. त्यात न उगवलेला दात म्हणजे कोरा करकरीत. ना त्याला चहा लागला, ना तो कधी घासला गेला.

नसीमाने अर्ज पुढे केला. तन्मयीच्या आत्याने, म्हणजे मालनबाईंनी, तो तिच्या हातातून काढूनच घेतला. "लहानपणचं तिला काय ठाऊक? मी सांगते. दीड वर्षाची हुती तवा हिची आई हिला टाकून म्हायेरला गेली, सावंतवाडीला. तवापास्नं म्हशीचं दूध. बाटली न्हाई लावली मी, वाटी-चमच्यानं पाजलंय. आणि हे बी लिवा, सहा वर्षांची हुईस्तवर पोरगी गाव सोडून एक रात कुठं ऱ्हायली न्हाई."

इतकी तपशीलवार हकिगत मला कोणी दिली नव्हती. आत्या लहान वयात विधवा होऊन भावाकडे परत आलेली, आणि भावाची ही मुलगी तिने वाढवलेली. भाऊही सहा वर्षांपूर्वी वारला होता.

पंचांगाच्या खुर्चीत डोकं टेकवून बसल्यावर तन्मयी सहज बोलावं तसं म्हणाली, "डॉक्टर, गंमत माहितीये? लग्नाचं कळलं म्हणून आईनं निरोप पाठवला. म्हणे, मंडपात मागं कुठंतरी उभी राहीन, अक्षता टाकीन आणि जाईन."

"मग?"

"नाही म्हणून कळवलं. चोवीस वर्षं काही सुचलं नाही, आणि अक्षता बऱ्या सुचल्या." मग यंत्र सुरू झालं आणि पुढची बारा मिनिटं ती हलली नाही. पत्रिका सोमवारी छापायला जाणार होत्या.

दुपारी पंचांगाने निकाल दिला. वर लाल अक्षरांत एकच ओळ होती: हकिगत आणि दात जुळत नाहीत, ओढ सुरू करता येणार नाही.

मी आलेख उघडला. दीड वर्षापर्यंत कृष्णेकाठचं पाणी आणि आईचं दूध. दीड वर्षाला पाणी बदललं. ते कोकणातलं झालं. दूध मात्र तसंच चालू होतं. एक दिवस खंड नाही. मग दोन वर्षं, नऊ महिने आणि अकरा दिवसांच्या वयाला एक काळी रेघ, इतकी जाड की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. त्या रेघेपलीकडे दूध नाही आणि पाणी परत कृष्णेचं. त्यापुढे एक्केचाळीस दिवस कवच असं पातळ चढलेलं, जणू मूल जेवतच नव्हतं.

"म्हणजे आई टाकून गेली नव्हती," नसीमा माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली. "घेऊन गेली होती. मग कुणीतरी परत आणलं."

इथे मी एक चूक केली, ती कबूल करते. हा कागद तन्मयीचा होता. ती सज्ञान, शिकलेली, शिरोळच्या माती-पाणी प्रयोगशाळेत नोकरी करणारी मुलगी. मी आधी तिलाच फोन करायला हवा होता. मी केला आत्याला.

मालनबाई दुसऱ्या दिवशी एकट्या आल्या. मी आलेख दाखवला नाही, नुसतं विचारलं, "दोन वर्षं नऊ महिन्यांची असताना काय झालं होतं?"

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, बंद घट्ट धरले, आणि माझ्या टेबलावरच्या प्लास्टरच्या दातांकडे बघितलं.

"दातात ऱ्हातं व्हय असलं?"

"राहतं."

"दादा तापट हुता," त्या म्हणाल्या. "एकदा ताट भिरकावलं, ते पोरीच्या कपाळाला चाटून गेलं. वैनी त्याच दिशी पोरीला घिऊन म्हायेरला गेली. पुढं आई आजारी पडली आमची. नातीला बघायचं म्हणून डोळं लावून बसलेली. दादा सावंतवाडीला गेला, म्हणला चार दिसासाठी द्या. वैनीला ताप हुता, तिनं दिली. आई आठव्या दिशी गेली. दादा म्हणला, आता पोरगी परत जायची न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मला मूल न्हवतं, बाई."

मी पाण्याचा पेला पुढे केला.

"पोरगी आजारी पडली हुती म्हणून लिवा की," त्या म्हणाल्या. "कुणाला काय कळतंय? इतकी वर्षं माझी म्हणून वाढवली, आता लगीन दोन पावलांवर आलंय."

खोटं सांगत नाही, क्षणभर मनात आलं की लिहावं. दात कोरून पोट भरणारी मी बाई, दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसू? पण पंचांग खोटं मान्य करेल, हाड करणार नाही. चुकीच्या तालावर ओढलं तर पुढच्या दाताचं मूळ जाईल. आणि तेवढंच कारण नव्हतं. मागे उभं राहून अक्षता टाकायची परवानगी मागणारी ती बाई माझ्या डोक्यातून जात नव्हती.

"पुढच्या गुरुवारी टाळू उघडून बटण बसवायचंय," मी म्हटलं. "तोवर तन्मयीला तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन. आणि मला नीट सांगता येत नाही, हे नसीमाला विचारा."

गुरुवारी दोघी आल्या. तन्मयीच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला काहीही माहीत नाही. मला मालनबाईंचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. पण मुलगी कामावर रजा टाकून आलेली, तेव्हा काम तरी उरकू म्हणून मी भूल दिली, तोंड उघडं राहायला दाढांमध्ये रबराचा ठोकळा बसवला, टाळूला छोटी खिडकी पाडली. आत सुळ्याचं टोक दिसलं, पांढरंशुभ्र. मी बटण चिकटवत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"नसीमा, तो अर्ज घे. मी चुकीचं लिवलं हुतं. आता बरोबर लिव."

मालनबाई दाराशी उभ्या होत्या. मी म्हटलं, "आत्ता? तिला बोलता यायचं नाही."

"म्हणूनच आत्ता. तिनं एक शब्द बोलला तर पुढचं माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई."

आणि त्या नसीमाला सांगत गेल्या, अर्ज भरायला सांगावा तसं, क्रमाने. "दीड वर्षाची असताना आईनं टाकली, हे खोड. आई घिऊन गेली, असं लिव. कारण, बापानं ताट फेकलं. पावणेतीन वर्षांपतुर आईपाशी हुती, आईच्या अंगावर पीत हुती. मग चार दिसासाठी म्हणून आणली. परत धाडली न्हाई. आणल्यावर म्हैनाभर जेवली न्हाई. दाराकडं तोंड करून बसायची. हे बी लिव."

नसीमाचं लिहिणं थांबलं होतं. माझा हात मी थांबू देऊ शकत नव्हते, चिकट द्रव्य वाळायला आलं होतं. तन्मयी छताच्या दिव्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी निघून सरळ कानांत उतरत होतं, आणि पुसायला तिचे हात उठत नव्हते. मी माझ्या कोपराने पुसलं.

"आई वाईट न्हवती हिची," मालनबाई म्हणाल्या. "एवढं लिव आणि सही कुठं करायची ते दाव."

ठोकळा काढल्यावर तन्मयी उठून बसली. बधिर ओठांनी तिने एकच शब्द उच्चारला, "रिपोर्ट." मी कागद तिच्या हातात दिले. ती जिना उतरून गेली. मालनबाई तिच्या मागे गेल्या, चार पायऱ्यांचं अंतर ठेवून.

पुढच्या आठवड्यात ती एकटी आली. मोटर सुरू करायची होती. तिचा ठेका आठ दिवसांचा निघाला. खुर्चीत बसायच्या आधी तिने पर्समधून तो आलेख काढला. त्यावर पेन्सिलीने आकडे होते.

"कोकणातले पाण्याचे नमुने मी कॉलेजात तपासलेत, डॉक्टर. मला मोजता येतं. चारशे सदुसष्ट दिवस मी तिकडं होते. आणि मला काय शिकवलं, तर टाकून गेली." तिचा आवाज चढला. "शाळेत आईचं नाव विचारलं की मी आत्तीचं सांगायचे. आता आत्तीशी काय बोलू? पंधरवडा झाला तरी मी तिच्या हातचं जेवत नाही असं मीच ठरवलंय, आणि भूक लागली की तिलाच शोधते. सांगा ना, काय करू?"

"आठवडाच झालाय," मी म्हटलं. "आणि मला दातांचं विचार."

ती रागाने हसली.

"दातांचंच सांगते," मी आलेखावर बोट ठेवलं. "ही काळी रेघ तू शंभर वेळा पाहिलीस. हे पुढचे एक्केचाळीस दिवसही पाहिलेस. त्याच्या पुढचं पाहिलंस का?"

तिने पाहिलं. एक्केचाळीस दिवसांनंतर कवच भरायला लागतं, आणि तिथून सव्वातीन-साडेतीन वर्षं, सुळ्याचा माथा पुरा होईपर्यंत, एकही काळी रेघ नाही. उपासाची नाही, तापाची नाही, भीतीची नाही. तापट बापाच्या घरात वाढलेल्या पोरीचा असा दात मी क्वचित पाहिला आहे.

"तुझ्या बापाच्या आणि तुझ्यामध्ये कोणीतरी उभं राहत होतं," मी म्हटलं. "चोरी ती चोरीच. पण चोरलेलं असं सांभाळतही कोणी नाही."

तिने आलेख घडी करून पर्समध्ये ठेवला. मोटर लावून घेतली आणि गेली. त्यानंतरच्या प्रत्येक खेपेला मला खिडकीतून खाली रसवंतीशेजारच्या बाकावर मालनबाई बसलेल्या दिसायच्या. दोघी एकाच बसने यायच्या, वर मात्र एकटी तन्मयी यायची. पत्रिका काही अजून छापायला गेल्या नव्हत्या, एवढं नसीमाने काढून घेतलं.

सुळा मात्र शहाण्यासारखा निघाला. दर आठ दिवसांनी मोटर दम घ्यायची आणि पुन्हा ओढायची. "अशी तार लावावी," नसीमा म्हणायची, "तिला कळूही नये की आपण पिळतोय." एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुळ्याचं टोक दुधाच्या दाताच्या मुळाशी येऊन टेकलं. आता तो पाहुणा उठवायला हवा होता.

त्या दिवशी तन्मयीबरोबर पन्नाशीची एक सडपातळ बाई आली. ओळख करून द्यायची गरज नव्हती. हसली तेव्हा जबडा तोच.

"ही माझी आई," तन्मयी म्हणाली. हे वाक्य म्हणायची तिला अजून सवय नव्हती, प्रत्येक शब्द ती चाचपून ठेवत होती. "वनिता. काल आली. मामाही येणारेत, मला बोहल्यावर आणायला."

मी फटकळ, मी विचारलंच. "इतकी वर्षं आला का नाहीत?"

"आई, सांगायला हवं असं नाही," तन्मयी म्हणाली.

"सांगूक नको कशाक? त्या डॉक्टर आसत." मग वनिताबाईंनी पदराने मान पुसली आणि माझ्यासाठी सावकाश, घाटावरच्या बोलीत बोलू लागल्या. "आले होते. तीन वेळा. दोनदा यांनी दारातून हाकललं. तिसऱ्यांदा हे घरात नव्हते. ही अंगणात खेळत होती, चारेक वर्षांची. मी फाटकाशी उभी राहिले. हिनं माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं नाही. पळत जाऊन वन्संच्या पदरात लपली. उचलून नेता आली असती. पण मनात आलं, एकदा तुटून आलंय पोर. कसंबसं रुजलंय. आता मी उपटलं तर पुन्हा एकदा तुटेल. म्हणून मागे फिरले."

मला तो आलेख तोंडपाठ होता. चार वर्षांच्या जागी त्यात स्वच्छ पांढरं कवच होतं. काळी रेघ तन्मयीच्या सुळ्यात एकच आहे. दुसरी या बाईने उमटू दिली नव्हती, आणि त्याची किंमत तिने एकटीने सोसली होती. मी गेली तेहेतीस वर्षं कोणाच्या पाया पडले नाही. त्या दिवशी पडावंसं वाटलं.

"चला, तोंड उघड," मी तन्मयीला म्हटलं, कारण मला दुसरं काही येत नाही.

दुधाचा दात चिमट्याला लागला मात्र, सुटला. मूळ सगळं झिजून गेलेलं. नसीमाने तो धुऊन गॉजच्या तुकड्यावर ठेवला. तन्मयीच्या हिरडीवर मी कापसाचा बोळा दिला आणि वीस मिनिटं दाबून धरायला, न बोलायला सांगितलं.

वनिताबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. "वन्सं खाली बाकावर बसल्यात," त्या म्हणाल्या. "उन्हात. त्यांना वर बोलवा ना कुणीतरी."

तन्मयीने आईकडे पाहिलं. मग स्वतःच उठली, तोंडात बोळा तसाच, आणि जिना उतरून गेली. आम्ही वरून पाहिलं. तिला बोलता येत नव्हतं म्हणून तिने आत्याच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि चालू लागली. पिशवीच्या मागे आत्या आली.

दारात येऊन मालनबाई थबकल्या. दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, इतक्या वर्षांनी. मालनबाई तिथूनच पाया पडायला वाकल्या, पण वनिताबाईंनी दोन्ही हातांनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

नसीमाने गॉज पुढे केला. "हा दात काय करू? टाकून देऊ?"

"टाकू नको," मालनबाई एकदम म्हणाल्या. "आमच्यात दुधाचा दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकतात."

"आमच्याकडेही," वनिताबाई म्हणाल्या.

मालनबाईंनी गॉज हातात घेतला आणि तो इवलासा दात बघत राहिल्या.

"एकोणीस मी फेकले, वैनी," त्या म्हणाल्या. "आपल्या घरावर, कौलं हुती तवा. एकेक फेकताना वाटायचं, हा हात माझा न्हाई, दुसऱ्या कुणाचा हाय. आता तिथं स्लॅब पडलाय. तुमच्या घराला अजून कौलं हायती न्हवं?"

वनिताबाईंनी मान हलवली.

"मग हा तुम्ही फेका. शेवटचा हाय," मालनबाई म्हणाल्या, आणि दात त्यांच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं एकेक करून मिटवली.

तन्मयीची वीस मिनिटं अजून व्हायची होती. तिने बोळा दाताखाली दाबून धरला, आईच्या त्या मुठीवर आपला एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने आत्तीचा पदर धरला.